फोनचा ब्रँड बदलताना गाण्यांचा संग्रह कसा हलवावा: टप्प्याटप्प्याने

नवा फोन हाती आला की माणूस आधी केबल शोधतो, नाहीतर ‘सगळं आपोआप हलवतो’ असं सांगणारं एखादं ॲप उतरवतो. फोटो आणि नंबर त्यातून बहुतेकदा नीट जातात. गाणी मात्र अर्धवट जातात, आणि काय मागे राहिलं ते कळेपर्यंत जुना फोन पुसून दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. ॲपलच्या ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपचंच बघा. संपर्क, मेसेज, फोटो, व्हिडिओ, कॅलेंडर हे सगळं ते नेतं. गाणी, पुस्तकं आणि पीडीएफ तुमचे तुम्ही हलवा, असं कंपनी स्वतःच सांगते.

केबल हे या कामातलं शेवटून दुसरं पाऊल आहे. त्याआधी गाणी वेगळी करायची, एका जागी आणायची, त्यांची नावंगावं दुरुस्त करायची, लागतील तेवढ्याच फाइलींचं रूपांतर करायचं आणि प्लेलिस्ट काढून ठेवायच्या. हा क्रम उलटसुलट केला तर तेच काम दोनदा करावं लागतं.

## टप्पा १: तुमची गाणी कुठली आणि भाड्याची कुठली?

फोनवर वाजणारं प्रत्येक गाणं फाइल म्हणून तुमच्या ताब्यात असतंच असं नाही. त्याचे तीन प्रकार पडतात.

कुलूप (म्हणजे कॉपी करण्यावरचं बंधन) नसलेल्या फाइल. सीडीवरून उतरवलेली, स्वतः रेकॉर्ड केलेली, कलाकाराकडून थेट विकत घेतलेली गाणी. एमपीथ्री, एमफोरए, फ्लॅक, वेव्ह वगैरे. ही कुठेही नेता येतात.

आयट्यून्स स्टोअरमधून विकत घेतलेली गाणी. २००९ पासून तिथली गाणी कुलपाविना, २५६ केबीपीएस (आवाजाच्या दर्जाचं माप) एएसी स्वरूपात मिळतात आणि अँड्रॉइडवर बिनतक्रार वाजतात. त्याआधीच्या खरेदीत एमफोरपी या स्वरूपाच्या फाइल सापडतील. त्या कुलूपबंद असतात, अँड्रॉइडवर वाजत नाहीत.

स्ट्रीमिंग सेवेतली ‘डाउनलोड’ गाणी. ही फक्त त्या त्या ॲपलाच उघडता येतात. फाइल शोधून कॉपी केलीत तरी उपयोग शून्य. पण इथे हलवण्यासारखं काही नसतंही. स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक आणि ॲपल म्युझिकसुद्धा दोन्हीकडच्या फोनवर चालतं. सेवा तीच ठेवणार असाल तर नव्या फोनवर त्याच खात्याने साइन इन करा आणि वाय-फायवर गाणी पुन्हा उतरवून घ्या.

कुठलं गाणं कुठल्या प्रकारात मोडतं हे आयट्यून्समध्ये किंवा मॅकच्या म्युझिक ॲपमध्ये ‘काइंड’ हा रकाना उघडला की लगेच दिसतं. ‘एमपेग ऑडिओ’ आणि ‘परचेस्ड एएसी’ न्या. ‘प्रोटेक्टेड एएसी’ आणि ‘ॲपल म्युझिक एएसी’ सोडून द्या. अँड्रॉइडवर कसोटी याहून सोपी आहे: फाइल मॅनेजरमध्ये गाणं फाइल म्हणून दिसलं आणि दुसऱ्या प्लेअरमध्ये वाजलं, तर ते तुमचं.

तपासा: स्पॉटिफायच्या प्लेलिस्टमध्ये स्वतःच्या फाइलही मिसळल्या असतील तर त्या नव्या फोनवर करड्या दिसतील आणि वाजणार नाहीत. अशा गाण्यांची यादी आत्ताच करून ठेवा.

## टप्पा २: सगळं एका कॉम्प्युटरवर गोळा करा

फोनवरून थेट फोनवर जायचा मोह होतो, पण कॉम्प्युटर मध्ये घेतलात तर पुढचं प्रत्येक पाऊल सोपं होतं. आयफोन केबलने जोडला की कॉम्प्युटरला त्यातले फोटो आणि व्हिडिओ दिसतात, गाणी दिसत नाहीत. त्यामुळे आयफोनमधून गाणी ‘काढण्या’च्या खटपटीत पडू नका. ज्या कॉम्प्युटरवरून ती फोनमध्ये गेली, तिथेच मूळ फाइल आहेत.

तिथेही एक गोम आहे. आयट्यून्सच्या किंवा म्युझिक ॲपच्या लायब्ररीत दिसणारी गाणी एकाच फोल्डरमध्ये असतात असं नाही. काही डाउनलोड्समध्ये, काही डेस्कटॉपवर, काही जुन्या डिस्कवर पडलेली असतात. म्हणून आधी ‘फाइल’ मेनूमधल्या ‘लायब्ररी’त जाऊन ‘ऑर्गनाइझ लायब्ररी’ उघडा आणि ‘कन्सॉलिडेट फाइल्स’वर खूण करा. सगळ्या फाइलींची प्रत मीडिया फोल्डरमध्ये येते. तो फोल्डर दुसऱ्या जागी कॉपी करा आणि यापुढचं सगळं काम त्या प्रतीवरच करा. मूळ फोल्डरमधल्या फाइलींची नावं बाहेरून बदललीत तर लायब्ररीला त्या सापडेनाशा होतात आणि गाण्यापुढे उद्गारचिन्ह उभं राहतं.

जुना कॉम्प्युटरच राहिला नसेल तर विकत घेतलेली गाणी त्याच ॲपल खात्यातून पुन्हा उतरवता येतात. बाकीच्यांसाठी आयमेझिंगसारखं सॉफ्टवेअर आयफोनमधली गाणी कॉम्प्युटरवर आणून देतं. आयफोन आपल्या पोटात या फाइल चार अक्षरी निरर्थक नावांनी ठेवतो, त्यामुळे गाण्याची ओळख उरते ती फक्त फाइलीतल्या टॅगवर, म्हणजे आत लिहिलेल्या नाव-गायकाच्या माहितीवर.

अँड्रॉइडवरून आणायची असतील तर केबल जोडल्यावर फोनवरच्या सूचनेत ‘चार्जिंग’ऐवजी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. तो पर्याय येतच नसेल तर केबल बदलून बघा. पुष्कळ केबली फक्त चार्जिंगपुरत्याच असतात. मॅकला अँड्रॉइड फोन आपसूक दिसत नाही, त्यासाठी ओपनएमटीपी हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. मेमरी कार्ड असेल तर तेही उघडा. अर्धा संग्रह तिथे असतो आणि नेमका तोच विसरला जातो.

सावधान: गाणी असलेला आयफोन अनोळखी कॉम्प्युटरला जोडून ‘सिंक’ (फोनमधली गाणी कॉम्प्युटरच्या लायब्ररीशी जुळवणं) दाबू नका. आयफोन गाण्यांसाठी एका वेळी एकाच लायब्ररीशी जोडलेला राहतो. ‘इरेज अँड सिंक’ला हो म्हणालात की आधीची सिंक केलेली गाणी पुसली जातात.

जागेचा अंदाज घ्या. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, ३२० केबीपीएसला २.४ एमबी, आणि सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलला १० एमबी. गोळा झालेल्या फोल्डरची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: टॅग दुरुस्त करा

लोक हा टप्पा गाळतात आणि मग नव्या फोनवर एका अल्बमचे बारा अल्बम झाले म्हणून वैतागतात. गाण्याचं नाव, गायक, अल्बम, क्रमांक आणि चित्र ही माहिती फाइलीच्या आत टॅगमध्ये असते आणि प्रत्येक कंपनीचं ॲप ती आपापल्या पद्धतीने वाचतं. जुन्या फोनवर खपून गेलेली चूक नव्या फोनवर उघडी पडते. एमपीथ्रीटॅग (विंडोजवर मोफत) किंवा किड-थ्री या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण फोल्डर उघडा आणि पुढच्या गोष्टी बघा.

१. अल्बम आर्टिस्ट. वेगवेगळ्या गायकांचा एकत्रित अल्बम असेल तर हा रकाना रिकामा ठेवू नका. सगळ्या गाण्यांना इथे एकच नाव द्या. ‘विविध कलाकार’ चालेल. वेळ कमी असेल तर बाकी सोडा, पण एवढं कराच.

२. ट्रॅक आणि डिस्क क्रमांक. हे नसले की गाणी अक्षरांच्या क्रमाने लागतात. दोन डिस्कच्या संचात तर पहिल्या डिस्कचं पहिलं गाणं आणि दुसऱ्या डिस्कचं पहिलं गाणं शेजारी येऊन बसतात.

३. अल्बमचं चित्र. आयट्यून्सने स्वतः शोधून आणलेली चित्रं फाइलीत न राहता लायब्ररीच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहू शकतात. कॉम्प्युटरवर चित्र दिसतं, फोनवर करडा चौकोन येतो, त्याचं कारण हे. चित्र फाइलीच्या आत बसवा.

४. लिपी. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा अगम्य अक्षरं येत असतील तर टॅगची जुनी आवृत्ती हे कारण असतं. आयडीथ्री म्हणजे एमपीथ्रीमध्ये टॅग लिहायची पद्धत. तिच्या पहिल्या आवृत्तीत नावाला जागाच ३० अक्षरांची, तीही रोमन लिपी गृहीत धरून. ती काढून टाका आणि २.३ आवृत्ती, यूटीएफ-१६ या सांकेतिक पद्धतीने लिहा. जुन्यानव्या बहुतेक सगळ्या प्लेअरना ती समजते.

५. फाइलीचं नाव. प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण आणि उभी रेघ ही चिन्हं मॅकवर चालून जातात, पण विंडोज आणि मेमरी कार्डावर अडतात. अशी फाइल कॉपी होताना गळते आणि शेकडो फाइलींच्या घोळक्यात ती गळल्याचं लक्षातही येत नाही.

पसंतीनुसार गाण्यांना दिलेले तारे आणि किती वेळा ऐकलं हे आकडे टॅगमध्ये नसतात, आयट्यून्सच्या स्वतःच्या नोंदवहीत असतात. ते पुढे जात नाहीत. त्यावर उपाय आहे, टप्पा ५ मध्ये येतो.

## टप्पा ४: लागेल तेवढंच रूपांतर

सरसकट सगळं एमपीथ्री करून टाकणं ही अगदी नेहमीची चूक. एकदा दाबून लहान केलेली फाइल पुन्हा दाबली की दर्जा आणखी घसरतो आणि तो परत आणता येत नाही. एमपीथ्री आणि एएसी दोन्हीकडे वाजतात. त्यांना हात लावू नका.

अडचण उरलेल्यांची. आयफोनच्या म्युझिक ॲपला फ्लॅक, ओजीजी आणि डब्ल्यूएमए चालत नाहीत. अँड्रॉइडला फ्लॅक आणि ओजीजी चालतात, पण ॲपलचं एएलएसी काही फोनवर वाजतं, काहींवर नाही. फ्लॅक आणि एएलएसी हे दोन्ही प्रकार काहीही न गमावता जागा वाचवणारे, त्यामुळे एकाचं दुसऱ्यात रूपांतर केलं तर आवाजात तसूभर फरक पडत नाही. आयफोनकडे जाताना एएलएसी करा, अँड्रॉइडकडे जाताना फ्लॅक. वेव्ह फाइलींमधले टॅग अनेक प्लेअर वाचत नाहीत, त्याही याच वेळी बदलून टाका. विंडोजवर फूबार२००० आणि मॅकवर एक्सएलडी या कामाला पुरेत.

ओजीजीचं रूपांतर करावंच लागलं तर २५६ केबीपीएस एएसी करा आणि मूळ फाइल जपून ठेवा. खरं तर अशी गाणी थोडी असतील तर आयफोनवर व्हीएलसी हा प्लेअर टाकून ती तशीच ऐकलेली बरी.

तपासा: एएसी आणि एएलएसी दोन्हींच्या फाइलींना एमफोरए हीच शेपटी (नावाच्या शेवटी टिंबानंतरची अक्षरं) असते. अँड्रॉइडवर काही एमफोरए वाजतात आणि काही मुक्या राहतात, तेव्हा त्या मुक्या फाइलींचा बिटरेट, म्हणजे केबीपीएसचा आकडा, बघा. ८००-९०० केबीपीएसच्या आसपास असेल तर ती एएलएसी आहे.

## टप्पा ५: प्लेलिस्ट काढून घ्या

प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात, गाण्यांचे पत्ते असतात. घर बदललं की पत्ता चुकतो.

फाइलींच्या प्लेलिस्टसाठी म्युझिक ॲप किंवा आयट्यून्समधून ‘एक्सपोर्ट प्लेलिस्ट’ करा आणि एमथ्रीयूएट हा प्रकार निवडा. साध्या एमथ्रीयूमध्ये देवनागरी नावं बिघडू शकतात. अँड्रॉइडकडे जाणार असाल तर ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. प्रत्येक ओळीत कॉम्प्युटरवरचा पूर्ण पत्ता दिसेल. सुरुवातीचा कॉम्प्युटरचा भाग ‘शोधा आणि बदला’ वापरून उडवा, म्हणजे फक्त कलाकार, अल्बम आणि फाइलीचं नाव उरेल. विंडोजच्या उलट्या तिरप्या रेघांच्या जागी सुलट्या रेघा घाला. ही फाइल फोनच्या म्युझिक फोल्डरमध्ये, कलाकारांच्या फोल्डरांच्या शेजारी ठेवायची. टप्पा ३ किंवा ४ मध्ये फाइलींची नावं किंवा शेपट्या बदलल्या असतील तर त्या ओळीही बदलाव्या लागतील.

आयफोनकडे जाताना याच्या उलट. तिथे पत्ते कॉम्प्युटरवरचेच आणि पूर्ण हवेत. गाणी आधी लायब्ररीत घ्या, मग ‘इम्पोर्ट प्लेलिस्ट’. पुढे सिंक करताना गाण्यांबरोबर ती आयफोनमध्ये जाते.

आता ताऱ्यांचा उपाय. चार आणि पाच ताऱ्यांची गाणी, सर्वाधिक ऐकलेली गाणी अशा स्मार्ट प्लेलिस्ट (नियम दिला की आपोआप भरणाऱ्या) बनवा आणि त्या एक्सपोर्ट करा. नियम जाणार नाहीत, पण आजची यादी जाईल. वर्षानुवर्षं दिलेल्या ताऱ्यांमधून एवढं तरी हाती लागतं.

स्ट्रीमिंग सेवाही बदलत असाल तर साउंडीझ किंवा ट्यूनमायम्युझिक एका सेवेतल्या प्लेलिस्ट दुसरीत उभ्या करतात. फुकट वापराला मर्यादा असते. ॲपल म्युझिकमधून यूट्यूब म्युझिककडे जायचं असेल तर ॲपलच्या ‘डेटा अँड प्रायव्हसी’ पानावरच तशी सोय आहे. हे सगळं नाव जुळवून चालतं, म्हणून मूळ गाण्याच्या जागी त्याचं मैफलीतलं रेकॉर्डिंग किंवा भलत्याच कुणी गायलेली आवृत्ती येऊन बसते. शेवटी मिळणारी ‘न सापडलेल्या’ गाण्यांची यादी जपून ठेवा.

सावधान: प्लेलिस्ट पलीकडे पोचून तपासून होईपर्यंत जुनी वर्गणी बंद करू नका.

## टप्पा ६: आधी थोडी गाणी पाठवून बघा

पंधरा-वीस गाणी निवडा, पण सोपी नकोत. देवनागरी नावाचं एक, विविध कलाकारांच्या अल्बममधली दोन, दोन डिस्कच्या संचातली दोन, एक एमफोरए, एक रूपांतर केलेलं, एक तासाभराचं रेकॉर्डिंग, आणि यांचीच एक छोटी प्लेलिस्ट. नव्या फोनवर नाव, चित्र, क्रम आणि प्लेलिस्ट बघा. काही बिनसलं असेल तर मागच्या टप्प्यावर परत जा.

## टप्पा ७: आता केबल

आयफोनकडून अँड्रॉइडकडे. फोन ‘फाइल ट्रान्सफर’वर टाका आणि तयार फोल्डर फोनच्या म्युझिक फोल्डरमध्ये कॉपी करा. ‘कट’ नको, ‘कॉपी’. सगळं एकदम ओढू नका. आठ-दहा कलाकारांचे गठ्ठे करा, म्हणजे मध्येच तुटलं तर कुठवर आलं ते कळतं. मेमरी कार्ड वापरणार असाल तर ते कार्ड रीडरमध्ये घालून भरलेलं जलद पडतं. मात्र फोनने ते ‘अंतर्गत साठवण’ म्हणून घेतलं असेल तर कॉम्प्युटरला वाचता येणार नाही. कॉपी होऊनही गाणी दिसत नसतील तर फोन एकदा बंद करून चालू करा. तरीही नाहीत, तर त्या फोल्डरमध्ये ‘.नोमीडिया’ (.nomedia) नावाची लपलेली फाइल आहे का बघा. ती असेल तर अँड्रॉइड त्या फोल्डरकडे ढुंकूनही पाहत नाही.

अँड्रॉइडकडून आयफोनकडे. मॅकवर म्युझिक ॲप आणि फाइंडर, विंडोजवर आयट्यून्स किंवा ॲपल म्युझिक आणि ॲपल डिव्हाइसेस ही जोडी. गाणी लायब्ररीत घ्या, फोन जोडा, गाण्यांचं सिंक सुरू करा. इथे बहुतेकांची गाडी अडते ती एका बटणावर: आयफोनच्या म्युझिक सेटिंगमधलं ‘सिंक लायब्ररी’ चालू असेल तर केबलने गाणी घालता येत नाहीत. ते बंद केलं की ॲपल म्युझिकची उतरवलेली गाणी फोनवरून जातात, हे लक्षात घेऊन ठरवा. वर्गणीदार असाल तर दुसरी वाट म्हणजे कॉम्प्युटरवरही ‘सिंक लायब्ररी’ चालू करून गाणी ॲपलच्या क्लाउडमध्ये चढवणं. मर्यादा १,००,००० गाण्यांची. २०० एमबीहून मोठी किंवा दोन तासांहून लांब फाइल चढत नाही, आणि एएलएसी चढवलंत तरी परत मिळतं ते २५६ केबीपीएस एएसी. वर्गणी थांबली की हा क्लाउडमधला संग्रहही जातो, म्हणून त्याला राखीव प्रत समजू नका.

अँड्रॉइडकडून अँड्रॉइडकडे. फोल्डर कॉपी करा, झालं. सॅमसंगचं स्मार्ट स्विच आणि तत्सम ॲप गाण्यांच्या फाइल नेतात. प्लेअर ॲपच्या आत बनवलेल्या प्लेलिस्ट मात्र ॲपच्याच असतात, त्या आधी एक्सपोर्ट करा.

कॉम्प्युटर नसेल तर. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना आयफोनमध्ये व्हीएलसी टाका आणि त्यातलं वाय-फाय शेअरिंग चालू करा. दोन्ही फोन एकाच वाय-फायवर ठेवून, तिथे दिसणारा पत्ता अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि गाणी चढवा. पूर्ण होईपर्यंत आयफोनचा पडदा जागा ठेवा. लोकलसेंड (वाय-फायवरून फाइल पाठवणारं ॲप) किंवा पेनड्राइव्हनेही फाइल जातात. मात्र या वाटांनी आलेली गाणी ‘फाइल्स’मध्ये किंवा व्हीएलसीतच राहतात, आयफोनचं म्युझिक ॲप त्यांना घेत नाही. उलट दिशेला, म्युझिक ॲपमध्ये सिंक केलेली गाणी कॉम्प्युटरशिवाय बाहेर काढायची सरळ वाट नाही. ‘मोफत, एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या ॲपांवर वेळ घालवू नका.

फोन वरचेवर बदलणाऱ्यांनी यूट्यूब म्युझिकवर आपल्या फाइल चढवण्याचाही विचार करावा. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून १,००,००० पर्यंत गाणी चढवता येतात, फ्लॅक आणि ओजीजीसुद्धा, आणि ती कुठल्याही ब्रँडच्या फोनवर ऐकता येतात.

## टप्पा ८: मोजणी, मगच पुसणं

अँड्रॉइडवर कॉम्प्युटरच्या फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि फोनच्या फोल्डरमधली संख्या ताडून बघा. प्लेअर दाखवतो त्या आकड्यावर विसंबू नका, त्यात रिंगटोन आणि रेकॉर्डिंगही मोजली जातात. आयफोनवर लायब्ररीतला गाण्यांचा आकडा आणि फोनचा आकडा जुळवा. कमी भरली तर आधी चमत्कारिक चिन्हं असलेली नावं, मग रूपांतर न झालेल्या फाइल बघा. त्यानंतर अधूनमधून गाणी निवडून शेवटापर्यंत पुढे सरकवून ऐका. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला ठणठणीत वाजते आणि मध्येच तुटते.

काही गाणी हळू आणि काही मोठ्याने वाजत असतील तर फाइल बिघडलेली नाही. आवाज सारखा करण्याची ॲपलची आणि इतरांची पद्धत वेगळी असते. नव्या प्लेअरमध्ये तशी सोय असेल तर ती चालू करा.

जुना फोन दोन-तीन आठवडे तसाच ठेवा, कारण राहिलेलं गाणं ते ऐकावंसं वाटेल तेव्हाच आठवतं. मग फोन रीसेट करा. जुना कॉम्प्युटरही देऊन टाकणार असाल तर आयट्यून्स किंवा म्युझिक ॲपच्या ‘अकाउंट’ मेनूमधून त्याचं ‘ऑथरायझेशन’ काढा. एका खात्याला अशा पाचच कॉम्प्युटरांची परवानगी असते आणि दिलेला कॉम्प्युटरही त्यात मोजला जातो.